सैल राहिलेला चेकनट

मामाजी,

तुम्ही गेल्याला आज चोवीस दिवस झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी एसटी डेपोतले तुमचे सोबती आले होते. भंतेजींनी वंदना घेतली, मग एकेक जण उठून तुमच्याबद्दल चार शब्द बोलला. मलाही बोलायला सांगितलं. वर्गात चाळीस पोरांसमोर मी रोज बोलते, पण त्या दिवशी उभी राहिले आणि "मामाजींनी मला गाडी शिकवली" एवढंच म्हणून खाली बसले. लोकांना वाटलं, सुनेला रडू आलं. रडू नव्हतं आलं. एवढं मोठं वाक्य बोलल्यावर पुढे काय बोलायचं ते सुचेना.

ते पुढचं आज लिहिते. कारण परवा गाडी रस्त्यात अडली, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

परवा दहावीचा गणिताचा पेपर होता. आमच्या शाळेतल्या पोरींचं केंद्र सेलूला, म्हणजे आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पोरी मात्र अकरा किलोमीटरवरच्या गावात. त्यांनी पेपरांपुरता एक ऑटो ठरवला होता. सव्वानऊला माझा फोन वाजला. प्रणाली होती. वर्गातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात बोलकी.

"मॅडम, आमचा ऑटो नाई आला. त्या भाऊच्या घरी मयत झाली म्हणते. आमी चौघी थांब्यावर उभ्या हाओ. आता कसं करावं?"

मी म्हटलं, तिथेच थांबा, हलू नका. तुमचा प्रशांत आंघोळीला गेला होता. दाराबाहेरूनच त्याला ओरडून सांगितलं आणि निघाले. पावणेदहाला पोरी गाडीत होत्या. मागे तिघी, पुढे प्रणाली, प्रत्येकीच्या मांडीवर पॅड आणि पाण्याची बाटली. साडेदहाला केंद्राचं गेट बंद होतं. वेळ होता, अगदी आरामात होता. हरभरा काढून झालेली शेतं दोन्ही बाजूंनी मोकळी पडली होती. मागे एक पोरगी सूत्रं पुटपुटत होती.

नाल्याच्या पुलाच्या अलीकडे शेळ्यांचा कळप आडवा आला. मी गाडी थांबवली, न्यूट्रल केली. शेळ्या गेल्या. क्लच दाबून पहिला गिअर टाकायला गेले तर गिअरच्या डब्ब्यातून असा आवाज आला की मागची सूत्रं थांबली. खर्रर्र. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. दुसरा टाकून पाहिला, तोही नाही. रिव्हर्सचं तर नावच नको. दांडा हातात थरथरत होता आणि जागा घ्यायला तयार नव्हता.

"मॅडम, गाडी बिघडली का?" प्रणालीने विचारलं.

खरं सांगते, पहिला विचार तुम्हाला फोन करायचा आला. नुसता विचार नाही, मोबाइल हातात घेऊन तुमचं नाव काढलंही होतं. मग हात थांबला.

मामाजी, सात वर्षांपूर्वी माझा खांदा मोडला होता ते तुम्हाला आठवतं ना? लग्नाला दोन वर्षं झाली होती. स्कूटीवरून शाळेत जाताना गिट्टीवर घसरले आणि गळ्याचं हाड गेलं. हाड जुळलं, पण दुचाकीची भीती गेली नाही. अंगणात स्कूटी दिसली तरी माझ्या हाताला घाम यायचा. प्रशांत म्हणाला, बदली मागू. आत्याबाई सासू असून म्हणाल्या, वर्षभर रजा घे. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अंगणात वर्तमानपत्रं पसरून त्यावर एक आख्खा गिअरबॉक्स उघडून ठेवलेला. डेपोतून निवृत्त झाल्यावर तुम्ही कुठल्या तरी भंगारवाल्याकडून तो उचलून आणला होता. आत्याबाई ग्रीसच्या डागांवरून तणतणत होत्या.

"गाडी नंतर," तुम्ही म्हणालात. "पहिले हे पाह्य. हात लाव. चावत नाई."

मी सायन्सची शिक्षिका. दंतचक्रांची आकृती फळ्यावर कितीदा काढलेली, पण दंतचक्राला हात लावायची ती पहिली वेळ. तुम्ही माझी बोटं धरून एक चक्र फिरवलंत आणि दुसरं कसं फिरतं ते दाखवलंत. मग माझं पाठ्यपुस्तक मागितलंत, आकृती पाहिलीत आणि म्हणालात, "हे ज्यानं काढलं त्यानं कधी उघडून नाई पाह्यला."

पंधरा दिवस तुम्ही मला गाडीत बसू दिलं नाही. रोज संध्याकाळी तासभर तो डब्बा. मी कंटाळून एकदा म्हटलं, "मामाजी, मला मेकॅनिक नाही व्हायचं. शाळेत जायचंय फक्त."

"मालूम हाये मले," तुम्ही म्हणालात. "पण रस्त्यात बंद पडली त मी नसन तेथी. तूच असशील."

मी ते तेव्हा नुसतं ऐकलं होतं. परवा नाल्याच्या पुलाजवळ मोबाइल हातात धरून बसले तेव्हा त्याचा अर्थ लागला. मोबाइल पर्समध्ये टाकला.

तुमचा क्रम मला पाठ होता. गाडी गिअर घेईना झाली की पहिलं काम, इंजिन बंद करायचं. "घाबरायचं असन त नंतर घाबर. पहिले बंद कर." मी बंद केली. मग क्लच दाबून पहिला टाकला. लोण्यात सुरी जावी तसा गेला. दुसरा, तिसरा, रिव्हर्स, सगळे गेले.

तुमचा आवाज कानात स्पष्ट होता. बंद गाडीत गिअर पडते अन् चालू गाडीत पडत नाई, त डब्ब्याले दोष देऊ नोको. डब्बा चांगला हाये. क्लच सुटून नाई राह्यला.

म्हणजे इंजिनचा जोर डब्ब्यापासून वेगळा होत नव्हता. मग पेडल. पायाने हळूहळू दाबलं. एरवी दोन बोटं ढिलं जातं आणि मग जोर लागतो. परवा अर्ध्यापर्यंत नुसतंच खाली जात होतं. केबल तुटली असती तर पूर्ण गेलं असतं. तुटलेली नव्हती, सैल झाली होती.

दहाला पाच कमी होते. तुम्ही आणखी एक युक्ती शिकवली होती, ती डोक्यात आली. बंद गाडीत पहिला टाकायचा आणि तसाच चावी फिरवून सेल मारायचा. गाडी गचके खात निघते आणि मग थांबायचं नाही. पण ती मोकळ्या रस्त्यासाठी, असं तुम्ही बजावलं होतं. सेलूच्या तोंडाशी बाजार, ट्रॅक्टर, सायकली, आणि मागे तीन पोरी. मी ती नाही केली. बोनेट उघडलं.

तुमचे पाने ड्रायव्हर सीटखाली होते, त्याच खाकी फडक्यात बांधलेले. मी प्रणालीला माझ्या जागेवर बसवलं. "मी म्हटलं की डावीकडचं पेडल दाब, आणि सोड."

"मॅडम, मले गाडी येत नाई!"

"मला तरी कुठे येत होती. दाब."

ती दाबायची आणि मी डब्ब्यावरच्या क्लचच्या दांडीकडे पाहायची. दांडी हलत होती, पण थोडीशीच. केबलचं टोक त्या दांडीतून बाहेर येतं, त्यावर आटे असतात आणि आट्यांवर दोन नट. एक केबल ताणायचा. दुसरा त्याच्या मागे घट्ट बसवायचा, पहिल्याने जागा सोडू नये म्हणून. तुम्ही त्याला चेकनट म्हणायचात. पहिला नट मागे सरकत सरकत पार टोकाला आला होता, आणि चेकनट माझ्या बोटाने फिरत होता. पाना न लावता, नुसत्या बोटाने.

मामाजी, मी तिथे किती वेळ तशीच उभी होते ते मला सांगता येणार नाही. अर्धा मिनिट असेल.

तुमचं काम मला माहीत होतं. तुम्ही नट आवळला की त्यावर माझ्या लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढायचात, नटावरून आट्यापर्यंत. नट जराही हलला की रेघ तुटलेली दिसते. माझ्या किती बाटल्या तुम्ही अशा संपवल्यात आणि मी किती कुरकुर केली! परवा त्या चेकनटावर जुनी रेघ होती, तुटून दोन दिशांना गेलेली. नवी रेघ नव्हती.

हा नट शेवटचा कोणी हाताळला ते मला माहीत होतं. तुम्ही जाण्याच्या महिनाभर आधी मी म्हटलं होतं की क्लच जरा वर सुटतोय. प्रशांत म्हणाला, गॅरेजला टाकतो. तुम्ही ऐकलं नाहीत. बोनेटपुढे प्लास्टिकचं स्टूल टाकून बसलात. हातावर सलाईनच्या सुईचे डाग होते. थोड्या वेळाने मला म्हणालात, "जाय, पाणी आन." मी पाणी घेऊन आले तेव्हा बोनेट बंद होतं.

"झालं?"

"झालं," तुम्ही म्हणालात. नेलपॉलिश मागितलं नाहीत. मला ते विचित्र वाटायला हवं होतं. वाटलं नाही. शाळेला उशीर होत होता.

तुमच्या बोटांत जोर उरला नव्हता. तो नट तुमच्याच्याने आवळला गेला नाही, आणि ते माझ्यासमोर होऊ नये म्हणून तुम्ही मला पाण्याला पाठवलंत. ज्या माणसाने आख्ख्या डेपोच्या बसचे डब्बे बांधले, त्याला आपल्या सुनेच्या गाडीचा एक नट आवळता येईना. तुम्ही मला हाक का मारली नाहीत? मी आवळला असता. तुम्हीच शिकवलं होतं ना?

"मॅडम," प्रणाली काचेतून डोकं काढून म्हणाली, "दहा वाजले. रडून राह्यले का तुमी?"

"हो," मी म्हटलं. "माझ्या सासऱ्यांनी केलेलं हे शेवटचं काम आहे. थोडं राहून गेलंय."

पोरीने पुन्हा घड्याळ पाहिलं. मग म्हणाली, "मंग करून टाका न मॅडम. पेपर हाये आमचा."

तुम्हाला ही पोरगी आवडली असती.

मी नट फिरवायला घेतला. गाडी तापलेली, मनगट कशाला तरी लागलं आणि भाजलं. प्रणाली दाबत होती, सोडत होती, आणि मधेमधे मागच्यांना सांगत होती, "थांबा, मॅडमले जमून राह्यलं." दोन बोटं ढील ठेवली, तुमच्या मापाने. मग चेकनट आणून पहिल्याला भिडवला, एका पान्याने पहिला धरला आणि दुसऱ्याने चेकनट आवळला. जेवढा जोर होता तेवढा लावला. ज्या खांद्याचं हाड मोडलं होतं, त्याच खांद्याने.

गाडी चालू केली. क्लच दाबला. पहिला पडला. मागच्या तिघींनी टाळ्या वाजवल्या. साडेदहाला तीन मिनिटं असताना आम्ही केंद्राच्या गेटवर होतो. चौघी धावत आत गेल्या. एकीची बाटली गाडीतच राहिली, ती मी शिपायाकरवी आत पाठवली. पेपर सोपा होता म्हणे. प्रणालीने शेवटचं गणित दोन पद्धतींनी सोडवलं आणि कोणतं खोडायचं ते न कळून दोन्ही ठेवलं.

आता एक गोष्ट, जी मी कोणालाच सांगितलेली नाही. तुम्ही जाण्याच्या दोन दिवस आधी, मी शाळेतून आले तेव्हा तुम्ही खाटेवरून हाताने जवळ बोलावलंत. आवाज अगदी खोल गेला होता.

"पहिला टाकतानी आवाज येऊन राह्यला."

"गाडीचा? मला तर नाही आला."

"मले येते. येथून येते." थोडा वेळ श्वास घेतलात. "उघडून दाखवजो मले एक डाव."

मी म्हटलं, "रविवारी बघू, मामाजी. आता आराम करा."

तुम्ही रविवारपर्यंत थांबला नाहीत. शुक्रवारी दुपारी गेलात, मी तिसऱ्या तासाला असताना.

आता कळतं की तुम्हाला माहीत होतं. रोज सकाळी मी गाडी काढायचे आणि तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या तो नट मागे सरकताना ऐकत होतात. तुम्हाला ते मला सांगायचं होतं. "मी ढिला सोडला" हे तोंडाने म्हणायचं नसेल, म्हणून नुसतं उघडून दाखव म्हणालात. आणि मी रविवार सांगितला. चोवीस दिवसांत मी स्वतःला पुष्कळ गोष्टींबद्दल माफ केलं, औषध उशिरा दिलं त्याबद्दल, चिडून बोलले त्याबद्दल. या रविवारबद्दल अजून नाही. पण परवा नट आवळताना ते ओझं थोडं हललं. तुम्ही जे दाखवायला सांगत होतात ते मी पाहिलं. उशिरा पाहिलं, पण दुसऱ्या कोणी सांगितल्याशिवाय पाहिलं.

यावरून आपलं जुनं भांडण मिटलं असं समजू नका. मी गेल्या दिवाळीत म्हटलं होतं की ही गाडी विकू आणि बिनक्लचची घेऊ. तुम्ही चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. पाचव्या दिवशी चहा घेताना म्हणालात, "मशीन काय करून राह्यली हे मालूम नसलं त माणूस गाडीत पाहुणा होते."

मी म्हटलं, "पाहुणी म्हणून गेले तरी शाळेत वेळेवर पोचेन ना?"

"पोचशील," तुम्ही म्हणालात, आणि कप ठेवून उठलात. पुढचं बोलणं राहूनच गेलं. तर आज माझी बाजू सांगते. कमरेचं दुखणं माझं आहे, रोजचे बावीस किलोमीटर माझे आहेत, आणि मी नवी गाडी घेईन तेव्हा बिनक्लचचीच घेईन. पण तिचाही डब्बा आतून कसा असतो ते मी आधी पाहीन. एवढं तुमचं मान्य.

एका गोष्टीसाठी मी तुमची विशेष ऋणी आहे. तुम्ही मला गाडीवरून कधी आयुष्याचे धडे दिले नाहीत. क्लचला संसार म्हटलं नाहीत, ब्रेकला संयम म्हटलं नाहीत. पुण्यानुमोदनाला तुमचा एक सोबती तेच करत होता आणि मला तुमचा चेहरा दिसत होता. तुम्ही फक्त गाडी शिकवलीत. माझी भीती गेली की नाही, हेही कधी विचारलं नाहीत. एक दिवस मी एकटी शाळेत गेले आणि परत आले, तेव्हा तुम्ही चाकाला हात लावून पाहिलंत, ब्रेक गरम झाले का ते. बस.

परवा घरी येऊन मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. नटाचंसुद्धा. वाटलं होतं, त्यांना वाईट वाटेल. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकून घेतलं, ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "मी त्यायले दोन डाव म्हटलं होतं, मले शिकवा म्हून."

मला आधी कळलंच नाही. "काय शिकवा?"

"गाडी. काय त दुसरं? एक डाव प्रशांत लहान होता तवा, अन् एक डाव तुले शिकवून राह्यले होते तवा. दोनी डाव हसले. म्हणे, तुले कोठी जायचं हाये?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काईच नाई. हसणाऱ्या माणसाले काय सांगावं?" मग ताट पुन्हा पुढ्यात ओढून म्हणाल्या, "नाचणगावले जायचं होतं. बहिणीकडे. कोनाले न विचारता."

मामाजी, हे तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते, टोचायला नाही. मी हे नऊ वर्षांत कधी विचारलं नाही, म्हणजे मीही त्यातच आले. अंगणात तो डब्बा उघडा असायचा, तुम्ही माझी बोटं धरून चक्र फिरवायचात, आणि आत्याबाई पलीकडून ग्रीसच्या डागांवरून बोलायच्या. त्या डागांवर बोलत नव्हत्या, मामाजी.

प्रशांतने त्याच संध्याकाळी शिकाऊ परवान्याचा अर्ज भरला. फोटो काढायला आत्याबाईंनी तुमच्या आवडीची जांभळी साडी नेसली. प्रशांत म्हणाला, "आई, वय त्रेसष्ट लिहू का?" तर म्हणाल्या, "मंग काय तीस लिहतं?"

ऑनलाइन परीक्षा झाली आणि काल घरबसल्या परवाना मिळाला. आज सकाळी आम्ही दोघी बाजार समितीच्या मागच्या मैदानात गेलो. कोणी नव्हतं, दोन कुत्री तेवढी सावलीला पडली होती. मी डब्ब्यापासून सुरुवात करणार होते, तुमच्या पद्धतीने. त्यांनी हात झटकला.

"ते राहू दे. पंधरा दिवस कानावर पडलं हाये माह्या. गाडी चालू कर."

खरंच पडलं होतं. कुठला गिअर कुठे ते त्यांना विचारावं लागलं नाही. चार वेळा गाडी बंद पडली. पाचव्या वेळी क्लच इतक्या हळू सोडला की मी श्वास धरून बसले, आणि गाडी निघाली. पहिल्यातच, चालत्या माणसाच्या वेगाने, मैदानाच्या कडेकडेने आम्ही एक पूर्ण फेरी मारली. पदर खांद्यावरून घसरला, तो त्यांनी सावरला नाही, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. फेरी संपली तशी त्यांनी ब्रेक दाबला, गाडी बंद केली आणि समोर पाहत बसल्या. मला वाटलं, आता तुमच्याबद्दल काही बोलतील.

त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, "नाचणगावचा रस्ता कसा हाये आता?"

"चांगला आहे," मी म्हटलं.

"मंग झालं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा चावी फिरवली.